भेंडी पिवळी का पडते?

आजचा विषय जरा हिरवा, खरं तर पिवळा. भेंडीवरचा केवडा. कुणी हळद्या म्हणतं, कृषी सेवा केंद्रात ‘यलो व्हेन मोझॅक’ म्हणतात. जुना शत्रू आहे हा, मुंबई इलाख्यातून त्याची नोंद झाली ती 1924 साली.

पान पिवळं दिसलं की आपण म्हणतो, लोह कमी पडलं, मारा फवारा. थांबा! आधी पान उजेडात धरून बघा. लोहाच्या कमतरतेत शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. केवड्यात बरोब्बर उलटं, शिराच पिवळ्या. पुढे सगळं पान आणि फळही पिवळट. अशी भेंडी बाजारात कोण घेणार?

विषाणू येतो पांढऱ्या माशीतून. पण गंमत पुढे आहे. नुसता मुख्य विषाणू भेंडीत घातला तर पान जरासं मुरडतं, बस. तो पिवळा केवडा काही दिसत नाही. त्यासाठी सोबत एक चिमुकला डीएनए लागतो, साधारण 1350 अक्षरांचा. त्याला उपग्रह म्हणतात, कारण स्वतःच्या प्रती काढायला त्याला मुख्य विषाणूच लागतो. एवढ्याशा डीएनएत काम करणारं प्रथिन मुख्यतः एकच, बीटा सी वन.

आता हे प्रथिन करतं काय? झाड विषाणूशी लढतं ते त्याचे संदेश, म्हणजे आरएनए, कापून. बीटा सी वन ती कात्रीच अडवतं. कापसावरच्या अशाच रोगातलं हे एकटं प्रथिन शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या झाडात घातलं, विषाणू अजिबात नाही, तरी पानं वेडीवाकडी झाली! म्हणजे दुखणं नुसतं विषाणूच्या गर्दीमुळे नाही, प्रथिनच झाडाच्या कारभारात ढवळाढवळ करतं.

टोमॅटोवरच्या एका चिनी विषाणूच्या सोबत्यात तर आणखी भारी प्रकार सापडला. तिथलं बीटा सी वन पानाला आकार देणाऱ्या झाडाच्याच एका प्रथिनाची नक्कल करतं आणि किडीविरुद्धचा जास्मोनिक आम्लाचा इशाराही दाबतं. मग पांढरी माशी त्या झाडावर मजेत वाढते, आणि विषाणूला पुढची गाडी तयार! मला तर हा सौदा फार धूर्त वाटतो.

आपल्याकडे परभणीच्या कृषी विद्यापीठाने रानभेंडीशी संकर करून ‘परभणी क्रांती’ काढली. बरीच वर्षं ती टिकली, पण पुढे तिच्यावरही रोग दिसू लागला. विषाणू बदलत राहतो ना.

लागण झालेल्या झाडाला औषध नाही. म्हणून घरी शेत असेल तर एवढं सांगा : पहिली पिवळी झाडं दिसली की लगेच उपटून नष्ट करा, पिवळे चिकट सापळे लावा, बांधावरचं तण काढा. आणि ते पान उजेडात धरून बघितलंत, की फोटो पाठवा. पुढच्या भागात पांढऱ्या माशीबद्दलच बोलू.