गालिच्यावरचा दुसरा डाग
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी "तुमच्या धंद्याविषयी चार शब्द सांगा" असे सुचविले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. कचेऱ्यांतील व हॉटेलांतील गालिचे स्वच्छ करणे हे माझे काम. त्यात व्याख्यान देण्यासारखे काय असणार? पण रंगारी, सुतार, नळवाले आपणां सर्वांच्याच घरी येतात. म्हणून उभी राहिले आहे.

रोजच्या पायांनी आलेला मळ काढणे अवघड नाही. कारागिरांच्या हातून पडलेला डाग मात्र अवघड. कारण तेथे बहुधा दोन डाग असतात. एक सांडलेल्या वस्तूचा, आणि दुसरा, पहिला लपविण्यासाठी घाईघाईने जे ओतले त्याचा. गालिचा बिघडतो तो पुष्कळदा या दुसऱ्याने.

एका कचेरीची गोष्ट सांगते. रविवारी रंगकाम चालू असता एका पोराच्या हातून प्लॅस्टिक पेंटचा डबा कलंडला. मी पोहोचले तोवर ठेकेदार त्याच्यावर ओरडून दमला होता, आणि पोरगा "मी काही लावले नाही" एवढेच म्हणत होता. मी त्याला बाजूला बसवून चहा दिला व म्हटले, "बाळा, खरे सांगितलेस तर निम्मे काम झाले." तेव्हा कळले, की त्याने अर्धी बाटली टर्पेंटाइन ओतले होते.

प्लॅस्टिक पेंट पाण्यात कालवलेला असतो. त्याला टर्पेंटाइन कशाला? उलट ते खाली झिरपले, की अस्तर धरून ठेवणारा रबरी चीक सुटतो व गालिच्याला फुगे येतात. मी खिडक्या उघडल्या, आधी टर्पेंटाइन टिपून घेतले. मग ओला रंग चमच्याने कडेकडून मध्याकडे गोळा केला, आणि थंड पाण्यात सौम्य साबण घालून पांढऱ्या फडक्याने टिपत राहिले; घासले नाही. जेथे रंगाने साय धरली होती, तेथे आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन ती नरम केली. शेवटी कोरडे फडके अंथरून वर वजन ठेवले. कारण तळाचा रंग वाळताना पाण्याबरोबर वर येतो.

सकाळी फिकट छटा राहिलीच होती. ती मी स्वतः साहेबांना दाखविली, आणि पोराने खरे सांगितले म्हणूनच एवढे वाचले, हेही सांगितले. ठेकेदाराने पूर्ण आठवड्याची मजुरी कापण्याचे ठरविले होते. ती शेवटी एका दिवसाची कापली. तीही कापावयास नको होती, असे मला आजही वाटते.

शहाणपण मीही ठेच लागूनच शिकले. पहिल्याच वर्षी एका लोकरीच्या गालिच्यावर मी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून घासले. डाग गेला, पण लोकर पिवळी व राठ झाली. भरपाई मीच भरली. तेव्हापासून आडकोपऱ्यातील एक धागा काढून, बाहेर नेऊन जाळून पाहते. केस जळल्याचा वास आला व राख चुरडली, तर लोकर. वितळून कठीण मणी झाला, तर नायलॉनसारखा कृत्रिम धागा. लोकरीवर सोडा नको, आणि ब्लीच तर मुळीच नको. त्यात लोकर विरघळूनच जाते.

आणखी दोनच गोष्टी. पुट्टी किंवा सिमेंट सांडले, तर वर पाणी ओतू नये. वरचे अलगद उचलावे, उरलेले वाळू द्यावे, हलके फोडून यंत्राने ओढून घ्यावे. नळवाल्याच्या लोखंडाचा गंज लागला, तर ब्लीच लावू नये. त्याने तो अधिक पक्का होतो. त्याला ऑक्झॅलिक ॲसिड लागते. पण ते विषारी, म्हणून जाणत्या हातांनीच वापरावे. कोणतेही औषध आधी कोपऱ्यात लावून पाहावे.

मी जेथे जाते तेथे तीन प्रश्न विचारते: काय सांडले, केव्हा सांडले, आणि त्यावर काय लावले? तिसऱ्याचे उत्तर भ्यालेला माणूस देत नाही. तेव्हा घरी काम चालू असताना काही सांडले, तर भगिनींनो, आवाज चढविण्यापूर्वी एक स्वच्छ फडके आणा आणि शांतपणे हे तीन प्रश्न विचारा. गालिचाही वाचेल, आणि कामावरचा तो पोरगाही.