पाण्याकाठचा पंच



या व्यासपीठावरून साहित्य, इतिहास, अध्यात्म अशा भारदस्त विषयांवरील व्याख्याने ऐकण्याची आपणांस सवय आहे. त्या मानाने आमचा आजचा विषय किरकोळ वाटेल. बुडणाऱ्यास वाचविण्याच्या स्पर्धा भरतात आणि त्या स्पर्धांत पंच म्हणून उभे राहण्यासाठी रीतसर शिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते, हे वर्षापूर्वी आम्हांसही ठाऊक नव्हते. आम्ही नदीकाठी वाढलेले. कमरेला सुका भोपळा बांधून एका वडीलधाऱ्याने आम्हांस डोहात लोटले, नाकातोंडात पाणी गेले आणि आम्ही पोहू लागलो. एवढेच आमचे जलशिक्षण. पुढे गावच्या पोहण्याच्या शर्यतीत हाती शिट्टी आली, तीही केवळ वयामुळे. शिट्टी धरण्यासाठी काही शिकावे लागते, असा विचार त्या काळी आमच्या मनाला शिवला नाही.

गेल्या थंडीत आम्ही चिरंजिवांकडे सिडनीस होतो. आपल्याकडे थंडी, तेव्हा तिकडे भर उन्हाळा. दहा वर्षांचा आमचा नातू दर रविवारी सकाळी समुद्रावर जातो. तेथील जीवरक्षक मंडळांत लहान मुलांचे वर्ग चालतात आणि त्या मुलांना ‘निपर्स’ म्हणतात. मंडळाची एक अट आहे. जितके स्पर्धक पाठवायचे, त्या प्रमाणात पंचही मंडळाने पुरवले पाहिजेत. त्यामुळे मुलांना घेऊन आलेल्या आईबापांपैकी काहींना पंचांच्या वर्गास बसावेच लागते. चिरंजीव बसले. आम्ही घरी रिकामेच होतो, म्हणून परवानगी मागून मागच्या बाकावर आम्हीही बसलो. तेथे जे पाहिले आणि तेथे आमची जी फजिती झाली, ते सांगण्यासाठी आज उभे आहोत.

प्रथम या खेळाचे मूळ पाहू. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सिडनीच्या समुद्रात दिवसाउजेडी स्नान करण्यास कायद्याने बंदी होती. १९०२ साली मॅनली येथे विल्यम गोचर नावाच्या एका वृत्तपत्रकाराने, आपण कायदा मोडणार असे आधी जाहीर करून, भर दिवसा पाण्यात उडी घेतली. पुढे बंदी सैल झाली, लोक हजारोंनी समुद्रावर येऊ लागले आणि तितक्याच सहजतेने बुडूही लागले. मग किनाऱ्याकिनाऱ्यावर स्वयंसेवकांची मंडळे निघाली आणि १९०७ साली त्यांची मध्यवर्ती संघटना झाली. दोराचा रहाट हे त्यांचे साधन. कमरेला दोर बांधून एकाने पोहत जायचे, बुडणाऱ्यास धरायचे आणि वाळूवरच्या मंडळींनी दोर ओढून दोघांना बाहेर काढायचे. १९०८ साली या मंडळांचा पहिला मोठा मेळावा मॅनलीस भरला. १९१० पासून जीवरक्षकांची परीक्षा घेऊन कांस्यपदक देण्यास सुरुवात झाली. ही गमतीची गोष्ट लक्षात ठेवा, की या खेळात पदक जिंकायचे नसते, पात्रतेने मिळवायचे असते. आणि तेही शर्यतीत उतरण्याच्या आधी.

या साऱ्याची कसोटी लागली ६ फेब्रुवारी १९३८ रोजी, बाँडायच्या किनाऱ्यावर. तो रविवार होता. लागोपाठ मोठ्या लाटा आल्या आणि त्यांच्या परतीच्या ओढीने अडीचशेहून अधिक माणसे खोल पाण्यात खेचली गेली. योगायोग असा, की त्याच वेळी मंडळाची नित्याची शर्यत व्हायची होती आणि त्यासाठी सत्तर-ऐंशी जीवरक्षक किनाऱ्यावर जमलेले होते. शर्यत राहिली बाजूला, सारे पाण्यात धावले. पाच माणसे दगावली, बाकी सर्व वाचली. खेळ कशासाठी खेळायचा, या प्रश्नाला याहून स्पष्ट उत्तर आम्हांस तरी माहीत नाही.

आज हा खेळ पुष्कळ देशांत खेळला जातो. १९९३ साली दोन जुन्या जागतिक संस्था एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय जीवरक्षण महासंघ बनला. त्याचे कार्यालय बेल्जियममधील लुव्हेन येथे आहे. आपल्या पुण्याची राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटीही त्या महासंघाची सदस्य आहे. स्पर्धा समुद्रावर होतात, तशा तलावातही होतात. तलावात तळाशी पाण्याने भरलेला प्लास्टिकचा पुतळा ठेवतात. स्पर्धकाने पंचवीस मीटर पोहायचे, बुडी मारून पुतळा वर आणायचा आणि तो घेऊन उरलेले पंचवीस मीटर कापायचे. पुतळ्याचे तोंड खाली करून नेला, तर पहिला आलेलाही बाद! कारण तो पुतळा नव्हे, माणूस आहे असे समजायचे. घड्याळ सांगेल की हा सर्वांत जलद आला. पण याने माणूस जिवंत आणला की प्रेत, हे पंचानेच सांगायचे.

आणखी एक स्पर्धा तर आम्हांस फारच आवडली. चौघांच्या तुकडीला काहीही न सांगता एका बंद खोलीत बसवून ठेवतात. दार उघडले की समोर तलावात कोणी हातपाय झाडतो आहे, कोणी ओरडतो आहे, एखादा निपचित पडला आहे. हे सारे सोंगच, पण चौघांना ते प्रथमच दिसते. दोन मिनिटांत कोणाकडे आधी जायचे आणि कोणाला नुसता दोर फेकून भागेल, हे ठरवून कामाला लागायचे. येथे कोण पहिला आला हा प्रश्नच नसतो. पंच प्रत्येक बुडणाऱ्यामागे गुण देत जातो. आता सांगा, ज्याला स्वतःला बुडणाऱ्याची अवस्था ओळखता येत नाही, त्याने हे गुण कसे द्यावेत?

म्हणूनच तो वर्ग. नियमांचे पुस्तक चांगले जाडजूड आहे. शर्यतीची रांग लावणारा कोण, शर्यत सोडणारा कोण, मार्गावर लक्ष ठेवणारा कोण, शेवटच्या रेषेवर कोण, नोंद कोणी करायची, आणि या सर्वांवर आपल्या खोखोतल्या सरपंचासारखा मुख्य पंच, अशी कामांची वाटणी आहे. लेखी प्रश्न सोडवायचे, मग किनाऱ्यावर जुन्या पंचाच्या हाताखाली उमेदवारी करायची, तेव्हा कोठे प्रमाणपत्र. मुलांत वावरायचे म्हणून सरकारी चौकशीचा दाखलाही लागतो. हे पंच पगारी नव्हेत. कोणी शिक्षक, कोणी सुतार, कोणी परिचारिका. १९८० पर्यंत तेथे स्त्रियांना पूर्ण सभासदत्व नव्हते. आमच्या वर्गाच्या शिक्षिका मात्र साठीच्या एक बाई होत्या आणि त्यांच्यापुढे दांडगे पुरुषही मुकाट बसत.

लेखी प्रश्न आम्ही गंमत म्हणून सोडवले आणि बरे सुटले. आमची कॉलर जरा ताठ झाली. पुढच्या रविवारी बाईंनी आम्हांस शेवटच्या रेषेवर उभे केले. हाती कागद दिला आणि म्हणाल्या, “तुमचा क्रम तुम्ही लिहा, शेजारच्याला विचारू नका. हा सरावाचा कागद आहे, मोजला जाणार नाही.” समुद्रातून बाहेर येऊन मुले वाळूवरून धावत रेषेकडे आली. नियम असा, की स्पर्धक पायांवर उभा असताना त्याची छाती रेषेवर येईल तो क्षण धरायचा. आम्ही डोळ्यांत तेल घालून पाहिले आणि क्रम लिहिला. आमच्या कागदावर नातू दुसरा होता. इतर तिन्ही पंचांच्या कागदांवर तो तिसरा होता.

आम्ही खोटे लिहिले नव्हते, बंधूंनो. आम्हांस तो खरोखर दुसरा दिसला होता! बाईंनी दोन्ही कागद आमच्यापुढे धरले आणि एवढेच विचारले, “तुम्ही रेषेकडे पाहत होता, की मुलाकडे?” त्या प्रश्नाला आम्हांजवळ उत्तर नव्हते. सत्तरी गाठलेल्या माणसाला आपले डोळे प्रामाणिक आहेत असे वाटत होते, ती समजूत त्या दिवशी वाळूत गेली. घरी आल्यावर नातवाने विचारले, “आजोबा, मी कितवा आलो?” आम्ही म्हणालो, “तिसरा.” तो म्हणाला, “मला माहीत होतं.” त्याला माहीत होते, आम्हांलाच माहीत नव्हते.

पण खरा धडा त्यानंतरच्या रविवारचा. दूरदूरची मंडळे आली होती. सकाळी समुद्र शांत होता, दुपारकडे वारा फिरला आणि लाटा वाढल्या. पाण्यात लहान मुलांवर लक्ष ठेवण्यासाठी दर पाच मुलांमागे एक जाणता माणूस, असा तिकडे दंडक आहे. ती माणसे हजर होती. तरीही मुख्य पंचांनी पाण्याकडे पाच मिनिटे टक लावून पाहिले, दोन जुन्या जीवरक्षकांना विचारले आणि उरलेल्या शर्यती रद्द केल्या. आईबाप कुरकुरले. कोणी तीन तास मोटार हाकून आले होते. एक गृहस्थ तावातावाने म्हणाले, “ही मुले याहून मोठ्या लाटांत पोहतात!” मुख्य पंचांनी वाद घातला नाही, दिलगिरीही दाखवली नाही. निशाणे उतरवायला सांगितली. दुपारभर पुढे काही घडले नाही. कोणी बुडाले नाही, कोणाला ओरखडाही आला नाही. म्हणजे त्यांचा निर्णय बरोबर होता, हे सिद्ध करणारा पुरावा त्यांना कधीच मिळणार नव्हता. आम्हांस वाटते, पंचाच्या कामातील सर्वांत अवघड भाग हाच होय.

त्यांच्या त्या पाच मिनिटांमागे एक दुःखद इतिहास आहे. क्वीन्सलंडमधील गोल्ड कोस्टच्या कुरावा किनाऱ्यावर ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय स्पर्धा भरत. तेथे १९९६, २०१० आणि २०१२ अशा तीन वर्षी, खवळलेल्या समुद्रात, एकेक तरुण स्पर्धक मृत्युमुखी पडला. २०१२ चा मुलगा चौदा वर्षांचा होता. तिघेही पट्टीचे पोहणारे. तिघेही इतरांचे जीव वाचविण्याची विद्या शिकलेले. आणि काठावर शेकडो जीवरक्षक उभे! चौकश्या झाल्या, नियम कडक झाले, पाण्यात चटकन दिसावे म्हणून स्पर्धकांना ठळक रंगाची बंडी आली. पण बंडी दिसते ती पाण्यात उतरल्यावर. उतरायचे की नाही, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे आणि तो कोणा माणसानेच सोडवावा लागतो. आमच्या वर्गात ही तीन सालें फळ्यावर लिहिलेली होती. बाईंनी त्यावर भाष्य केले नाही. तास संपेपर्यंत ती पुसली मात्र नाहीत.

आता आपल्याकडे वळतो. पाण्याचे वेड आपल्यालाही आहे. मुंबईत संक रॉकपासून गेटवेपर्यंत मुले पोहतात, मालवणच्या चिवला किनाऱ्यावर समुद्रातल्या स्पर्धा भरतात आणि नदीकाठच्या कित्येक गावांत कोणत्या ना कोणत्या निमित्ताने शर्यती होतात. मोठ्या स्पर्धांत होड्या असतात, जीवरक्षक असतात. प्रश्न गावच्या शर्यतीचा आहे. तेथे बक्षिसाची ढाल कोण देणार हे महिनाभर आधी ठरते, मांडव कोठे घालायचा हे ठरते, पाहुण्यांच्या हारांचा हिशेब होतो. पाणी चढले, तर शर्यत कोणी थांबवायची, हे मात्र ठरलेले नसते. ज्यांच्या हाती शिट्टी असते ते आमच्यासारखे वयोवृद्ध, आणि त्यांच्या शेजारीच पाहुणे खोळंबून बसलेले.

आमचे मागणे थोडे आहे. पाण्यात किती उतरले आणि बाहेर किती आले, हे मोजण्यासाठी एक माणूस नेमावा आणि त्याला दुसरे काही काम देऊ नये. ज्याचे मूल शर्यतीत आहे, त्याने त्या दिवशी रेषेवर उभे राहू नये. हे आम्ही अनुभवाने सांगतो. आणि शर्यत रद्द करण्याचा अधिकार एकाच माणसाला, आदल्या दिवशी, सर्वांसमक्ष द्यावा. तो माणूस पाणी जाणणारा असावा, मग तो कोळी असो, नावाडी असो की शाळेचा शिपाई असो. त्याने हात वर केला की पाहुण्यांनीही उठावे.

आमची शिट्टी आम्ही परत आल्यावर गावच्या मंडळाकडे दिली आहे. पुढल्या शर्यतीला ती शिकलेल्या हातात असेल, तर आमचा आजचा तास सार्थकी लागला असे समजू. मोजणीच्या माणसाची जागा अजून रिकामी आहे. मंडळाला चालत असेल, तर तेथे आम्ही उभे राहू. नातू तोवर सिडनीसच असेल.