धाग्याची फुले आणि हातांचे मोल

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनातील महिला विभागात झालेले भाषण)



 विषय निवडण्याची मोकळीक मला होती. शिक्षण, आरोग्य, विवाहातील खर्च असे थोर विषय माझ्यापेक्षा अधिकारी वक्त्यांनी या व्यासपीठावरून यापूर्वी मांडले आहेत. म्हणून मी एक लहान विषय घेतला आहे. तो इतका लहान आहे की तळहातावर मावतो. क्रोशाच्या सुईने विणलेली नाजूक फुले आणि त्या फुलांचे दागिने, हा तो विषय.

आपल्या घरांना क्रोशा नवा नाही. दाराचे तोरण, ताटावरचा रुमाल, देव्हाऱ्यापुढची महिरप यांवाचून रुखवत पुरे होत नसे. फुलांच्या अलंकारांचीही आपल्याला हौस आहे. डोहाळजेवणाला फुलांची वाडी भरतो, संक्रांतीला नव्या सुनेला आणि तान्ह्या बाळाला हलव्याचे दागिने घालतो. सोन्याखेरीज दुसऱ्या वस्तूचाही दागिना होऊ शकतो, हे आपल्या आज्यांना कोणी शिकवावे लागले नाही. हल्ली मुली सुती धाग्याची जाई, अबोली किंवा शेवंती विणून तिची कर्णफुले करतात, अंबाड्यावरची वेणी करतात, गळ्यातला सर करतात. ही जुन्या हौसेलाच फुटलेली नवी फांदी होय.

ही कला बाहेरून सोपी दिसते. साहित्य अवघे दोनच: आकड्याची सुई आणि धागा. परंतु दागिन्यासाठी लागणारी सुई पोलादी असून तिची जाडी एक मिलिमीटरच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही कमी असते. धाग्याचा क्रमांक जितका मोठा, तितका धागा बारीक. रुमालाला वीस नंबर चालतो, कर्णफुलाला साठ किंवा ऐंशी घ्यावा लागतो. या धाग्याला जी चकाकी असते, तिच्यामागे रसायनशास्त्र आहे. १८४४ च्या सुमारास जॉन मर्सर या इंग्रज गृहस्थाने सुतावर दाहक सोड्याची प्रक्रिया करून पाहिली, आणि पुढे १८९० च्या सुमारास होरेस लो याने सूत ताणून धरून तीच प्रक्रिया केली, तेव्हा त्याला रेशमासारखे तेज आले. मर्सराइज्ड हा शब्द त्या मर्सरच्या नावावरून आला.

फुलाची रचना पाहा. प्रथम धाग्याचे एक लहान कडे करावयाचे व त्यात सारे टाके बसवून ते ओढून घ्यावयाचे, म्हणजे मध्यभागी भोक राहत नाही. पाकळी गोल दिसते ती टाक्यांच्या उंचीमुळे. आरंभी आखूड मुका खांब, मग अर्धा खांब, मध्ये पूर्ण खांब, आणि पुन्हा उतरत मुका खांब. एका पाकळीत खांब जास्त झाले तर तिला चुण्या पडतात, कमी झाले तर ती वाटीसारखी वळते. गुलाबासारखे अनेक पदरांचे फूल करावयाचे तर पहिल्या पाकळ्यांच्या पाठीमागे साखळ्यांच्या कमानी घालून त्यांवर पुढचा पदर उभा करतात. शेवटी फूल धुऊन टाचण्यांनी उशीवर ताणून बसवावे आणि खळ लावून वाळवावे. टाचण्या न गंजणाऱ्या घ्याव्यात, नाहीतर पांढऱ्या फुलावर तांबूस डाग पडतो. काहीजणी साखरेचा पाक लावतात. पण आपल्या दमट हवेत त्याला चिकटपणा येतो व मुंग्या लागतात. त्यापेक्षा तांदळाची किंवा साबुदाण्याची पातळ खळ बरी.

आता या फुलांच्या इतिहासाकडे वळू, कारण माझ्या बोलण्याचा खरा हेतू तेथे आहे.

१८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि भयंकर दुष्काळ आला. सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली व तितकीच देश सोडून गेली. त्या काळात मठांतील जोगिणींनी आणि काही सुशिक्षित स्त्रियांनी गरीब घरांतील बायकामुलींना क्रोशा शिकविला. क्लोनिस या गावी कॅसान्ड्रा हँड या धर्मोपदेशकाच्या पत्नीने १८४७ मध्ये हे काम सुरू केले. व्हेनिसच्या सुईच्या लेसला अपार वेळ लागे. तशीच दिसणारी लेस क्रोशाने पुष्कळ कमी वेळात होई. या बायकांनी आणखी एक युक्ती केली. संपूर्ण लेस एकीने न विणता, एका घराने गुलाब विणावा, दुसऱ्याने पाने, तिसऱ्याने द्राक्षांचे घोस, आणि मग ती सारी फुले जाळीने जोडावीत. आज आपण जे सुटे फूल दागिना म्हणून घालतो, त्याची पूर्वजा ही दुष्काळातली फुले आहेत. त्यांनी कित्येक घरांत चूल पेटती ठेवली.

तुर्कस्तानात याच जातीची ओया नावाची कला आहे. तेथील स्त्रिया डोक्यावरच्या रुमालाच्या काठाला सुईने किंवा क्रोशाने बारीक फुले विणतात. प्रत्येक नमुन्याला अर्थ असे. नव्या सुनेने लाल मिरचीचा नमुना काठाला लावला, तर नवऱ्याशी तिचे बिनसले आहे असे घरच्यांनी ओळखावे, अशी तेथील परंपरा सांगते. तोंडाने न बोलता येणारी गोष्ट धाग्याने बोलण्याची ही रीत आपल्या जात्यावरच्या ओव्यांची आठवण करून देते. हल्ली त्याच ओयाचे हार व कर्णफुले होऊन बाजारात येतात.

तिसरे उदाहरण आपल्या देशातील आहे, आणि ते ऐकून आपण अंतर्मुख व्हावे अशी माझी विनंती आहे. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर हे गाव आहे. ज्या गोदावरीचा उगम आपल्या त्र्यंबकेश्वरी, तिच्याच दुसऱ्या टोकाला. तेथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस शिकविली व ती परदेशी जाऊ लागली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी या लेसकरणींचा अभ्यास केला आणि १९८२ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांना काय आढळले? हजारो स्त्रिया घरकाम सांभाळून रोज कित्येक तास विणत होत्या. त्यांच्या कामावर निर्यातीचा मोठा व्यापार उभा होता. पण त्यांच्या हाती पडणारी मजुरी अत्यंत तुटपुंजी होती. कारण काय? तर त्या कामकरी समजल्या जात नव्हत्या. त्या ‘घरी बसणाऱ्या’ बायका, आणि विणकाम म्हणजे त्यांचा फावल्या वेळचा विरंगुळा! शेतावर न जाता घरी बसणे हीच तेथील काही ज्ञातींत प्रतिष्ठेची खूण होती, आणि त्या प्रतिष्ठेची किंमत त्या बायकांनी आपल्या मजुरीतून मोजली. २०२४ साली नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र मानांकनाने वस्तूचे नाव राखले जाते. विणणारीच्या हाती काय पडते, हा प्रश्न त्याने आपोआप सुटत नाही.

भगिनींनो, परगावच्या लोकांना दोष देणे सोपे असते. आपल्या घरी काय चालते? पुतणीने कर्णफुले विणली की आपण म्हणतो, “किती गोड! मलाही एक जोड दे हो.” पैशाचे नाव काढले तर, “अगं, धागा असा कितीसा लागतो?” म्हणून हसण्यावारी नेतो. तीच काकू सोनाराकडे गेली की मजुरीचा आकडा मुकाट्याने मान्य करते.

हिशेब आपणच करून पाहू. समजा, एका जोडास धागा, कड्या व इतर साहित्य मिळून चाळीस रुपये लागले आणि विणणे, ताणणे, खळ देणे व जोडणे यांस तीन तास लागले. जोड शंभर रुपयांस विकला, तर हाती साठ रुपये उरले, म्हणजे तासाला वीस. कोणत्याही कुशल कारागिरास आपण हा दर सांगू धजणार नाही. तासाचे शंभर धरले, तर त्या जोडाची किंमत तीनशे चाळीस होते. हा लोभ म्हणता येणार नाही, ही साधी बेरीज आहे.

कोणी म्हणेल, बाजारात तर स्वस्त मिळते. त्यावर एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विणलेली लेस काढणारी यंत्रे आहेत, आणि काहींना क्रोशा यंत्र असे नावही आहे. परंतु त्यांचा टाका निराळा असतो. हाताच्या क्रोशाचा टाका घालणारे यंत्र कारखान्यांत अद्याप रुळलेले नाही. म्हणून खरे क्रोशाचे फूल जेव्हा कवडीमोलाने विकले जाते, तेव्हा ते यंत्राने स्वस्त झालेले नसते. कोठे तरी कोणाचे तरी हात स्वस्त झालेले असतात.

शेवटी, मंडळापुढे मी तीन नम्र सूचना ठेवते. पहिली, वार्षिक प्रदर्शनात प्रत्येक वस्तूशेजारी करणारीचे नाव, लागलेले तास आणि योग्य किंमत लिहिलेली चिठ्ठी असावी. दुसरी, वडीलधाऱ्या स्त्रियांपाशी असलेले नमुने एका वहीत टाके मोजून उतरवून घ्यावेत, कारण पुष्कळसे नमुने केवळ बोटांत राहतात आणि बोटांबरोबरच जातात. तिसरी, शिबिरात मुलग्यांनाही ही सुई धरू द्यावी. ज्याने स्वतः एक पाकळी तीनदा उसवली आहे, तो बहिणीच्या कामाला रिकामपणचा उद्योग म्हणणार नाही.

खरे फूल सायंकाळी कोमेजते, म्हणून आपण गजऱ्याचे पैसे रोज देतो. धाग्याचे फूल वर्षानुवर्षे टिकते. मग त्याच्या करणारीला एकदा तरी पुरते मोल द्यावयास आपण कचरू नये.