समोरून वारा आला तर

आमच्या लालबाग-परळच्या बचत गटांत गोल्फचं नाव काढलं की हसू पिकतं. "साहेबांचा खेळ तो, आपल्याला काय त्याचं?" पण हा खेळ आपल्याच शहरात चालतो. ताडदेवला विलिंग्डन क्लबचं मैदान आहे आणि कुलाब्याच्या टोकाला, अगदी समुद्रालगत, युनायटेड सर्व्हिसेस क्लबचं.

खेळ समजायला सोपा आहे. काठीने चेंडू मारत मारत लांबच्या खळग्यात घालायचा. असे १८ खळगे. ज्याचे फटके कमी, तो जिंकला.

अवघड असतो तो वारा. सपाट किनाऱ्यावर आडोसा नसतो. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो, तो गिरगाव चौपाटीवर पदर सांभाळताना आपणही अनुभवतो. समोरून वारा असताना जोर लावून चेंडू उंच मारला, तर तो वरच अडतो आणि जवळच पडतो. म्हणून जाणकार खेळाडू जोर आवरतात, चेंडू बुटका मारतात. जमीन सपाट असल्यामुळे तो पुढे घरंगळत जातो. वारा आडवा असेल, तर तो ज्या बाजूने येतो त्या बाजूला थोडा नेम धरायचा. नुसती ताकद इथे कामाची नाही, अंदाज हवा. आणि अंदाजाने महिना निभावणाऱ्या बायकांना तो काय शिकवायचा!

बंगळुरूची अदिती अशोक २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली. पदकाची संधी एका फटक्याने हुकली. तिथे तिची बॅग खांद्यावर घेऊन तिची आई चालत होती. २०२३ मध्ये चीनमधल्या हांगझोऊला आशियाई स्पर्धेत अदितीने रौप्यपदक मिळवलं. गोल्फमध्ये हे पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला.

आता आपल्या गटाचं बोलू. आजारपण, शाळेची फी, लग्न यांसाठी अंतर्गत कर्ज लगेच मंजूर होतं. मुलीच्या खेळाच्या बुटांसाठी अर्ज आला, की कुणीतरी विचारतंच, "यातून मिळणार काय?" मुलाच्या बॅटसाठी हा प्रश्न येत नाही.

क्लबच्या मैदानांत सभासदांनाच प्रवेश, हे खरं. पण दादरचं शिवाजी पार्क आपलं आहे. कबड्डी, खो-खो, धावणं, मुलीला जे आवडेल ते. आम्ही सुचवतो, पुढच्या मासिक बैठकीत हा विषय घ्या. रक्कम छोटी ठेवा. व्याज तेच, हप्ते तेच. फक्त कर्जाच्या कारणांच्या यादीत एक ओळ वाढवा: मुलीचा खेळ.