तिसरा उमेदवार आणि दुसरी पसंती



निवडणुकीच्या दिवसांत एक वाक्य हटकून आपल्या कानांवर पडतें : "माणूस चांगला आहे हो, पण त्याला मत देऊन तें फुकट कशाला घालवायचें?" दोन प्रबळ पक्षांच्या मध्यें उभ्या राहिलेल्या तिसऱ्या उमेदवाराची सारी अडचण ह्या एका वाक्यांत आली आहे. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत ही तक्रार ऐकूं येते. आज मी तिचा विचार राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीपुरता करणार आहें. कारण त्या निवडणुकींत कोणाचें मत फुकट जाऊं नये अशी तजवीज आपल्या घटनेनें मुद्दाम करून ठेविली आहे, आणि ती आजवर एकदांच, तीही एका महाराष्ट्रीय गृहस्थांच्या उमेदवारीमुळें, कसास लागली.

ती हकीकत सांगण्यापूर्वीं ही निवडणूक होते कशी तें सांगितलें पाहिजे. राष्ट्रपतीस आपण नागरिक प्रत्यक्ष मत देत नाहीं. संसदेच्या दोन्ही सभागृहांचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सभासद मिळून एक निर्वाचकगण होतो, व तो राष्ट्रपति निवडतो. घटनासमितींत ह्या पद्धतीस विरोध झाला होता. १९४८ च्या डिसेंबरांत प्रोफेसर के. टी. शहा यांनीं राष्ट्रपति प्रत्यक्ष लोकांनींच निवडावा अशी उपसूचना आणिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं उत्तर दिलें कीं, एवढ्या अफाट मतदारसंघाची निवडणूक पार पाडण्याइतकी यंत्रणा आपल्यापाशीं नाहीं, आणि ज्यानें मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानें चालावयाचें त्या नामधारी प्रमुखासाठीं तो खटाटोप करण्याचें प्रयोजनही नाहीं. उपसूचना फेटाळली गेली. गंमत अशी कीं, १९५२ सालीं पहिली निवडणूक झाली तेव्हां ह्याच शहांनीं त्याच निर्वाचकगणापुढें राजेंद्रबाबूंच्या विरुद्ध उमेदवारी केली ! त्यांना ९२,८२७ मतें पडलीं. राजेंद्रबाबूंस ५,०७,४०० पडलीं.

मतदार कांहीं हजार, मग मतें लाखांनीं कशीं, असा प्रश्न कोणाच्याही मनांत येईल. प्रत्येक मताला येथें किंमत ठरवून दिलेली असते. राज्याच्या लोकसंख्येस आमदारांच्या संख्येनें भागावें व भागाकारास पुन्हां हजारानें भागावें. महाराष्ट्राची १९७१ ची लोकसंख्या ५ कोटि ४ लक्ष, आमदार २८८. म्हणून आपल्या आमदाराच्या मताची किंमत १७५. उत्तर प्रदेशच्या आमदाराची २०८, तर सिक्कीमच्या आमदाराची अवघी ७. (लोकसंख्या १९७१ चीच धरतात, कारण कुटुंबनियोजन करणाऱ्या राज्यांचें नुकसान होऊं नये म्हणून तो आकडा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत गोठविला आहे.)

आतां मुख्य गोष्ट, पसंतीची. मतदार मतपत्रिकेवर फुली मारीत नाहीं. तो उमेदवारांपुढें १, २, ३ असे आकडे घालतो. समजा, येथें विश्रामबागेंत एक वाचनालय आहे आणि त्याचे शंभर सभासद अध्यक्ष निवडीत आहेत. पहिल्या पसंतीचीं मतें अ ला ४२, ब ला ३८ व क ला २० पडलीं. नेहमींच्या रीतीप्रमाणें अ निवडून आला, यद्यपि ५८ सभासदांना तो नको होता. पसंतीच्या रीतींत ५१ मतें झाल्यावांचून कोणी निवडून येत नाहीं. म्हणून शेवटच्या क ला वगळून त्याच्या वीस मतपत्रिका पुन्हां उघडावयाच्या आणि त्यांवर दुसरा आकडा कोणापुढें आहे तें पाहावयाचें. सतरांवर ब चें नांव निघालें, तिहींवर अ चें. तर अ चीं ४५ व ब चीं ५५ होऊन ब अध्यक्ष झाला. क ला मत देणाऱ्या वीस जणांनीं आपल्या मनांतला माणूसही सांगितला, आणि अखेरच्या निवाड्यांत भागही घेतला.

१९६९ च्या मे महिन्यांत राष्ट्रपति डॉ. झाकीर हुसेन यांचें निधन झालें. जुलैंत बंगळूरास काँग्रेसच्या संसदीय मंडळाची बैठक भरली. पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या मनांत जगजीवनराम होते. बहुमतानें नीलम संजीव रेड्डी यांचें नांव ठरलें. आपल्या देवराष्ट्रे गांवचे यशवंतराव चव्हाण तेव्हां गृहमंत्री होते. त्यांचें मत रेड्डींच्या बाजूनें पडलें. इकडे उपराष्ट्रपति वराहगिरी वेंकटगिरी राजीनामा देऊन स्वतंत्रपणें उभे राहिले. तिसरे उमेदवार चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख. महाडनजीकच्या नाते गांवीं जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, पुढें केंद्राचे अर्थमंत्री, आणि १९५६ सालीं मुंबईच्या प्रश्नावर तें मंत्रिपद सोडून देणारे. स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनीं त्यांना पाठिंबा दिला. देशमुख स्वतः ह्या दोहोंपैकीं कोणत्याही पक्षाचे नव्हते.

ते निवडून येण्याचा संभव फारच थोडा, हें सर्वांस ठाऊक होतें. तरी साऱ्या निवडणुकीचा कांटा त्यांच्याभोंवतीं फिरूं लागला. देशमुखांच्या मतदारांनीं दुसरी पसंती रेड्डींना द्यावी म्हणून काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांनीं जनसंघाच्या व स्वतंत्र पक्षाच्या पुढाऱ्यांशीं बोलणें केलें. त्यावर इंदिराबाईंच्या गोटांतून गहजब झाला, आणि सभासदांनीं सदसद्विवेकबुद्धीस अनुसरून मत द्यावें असा पुकारा झाला. म्हणजे पक्ष फुटण्यास निमित्त झालें तें दुसऱ्या पसंतीचें. नोव्हेंबरांत काँग्रेस दुभंगली.

१६ ऑगस्टला मतदान होऊन २० तारखेस मोजणी झाली. उमेदवार पंधरा, पैकीं पांचांना भोपळा. पहिल्या पसंतीचीं मतें गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८, देशमुखांना १,१२,७६९. उरलेलीं ८,५०५ सात किरकोळ उमेदवारांत वांटलीं गेलीं. त्या सातांत पांडुरंग नाथूजी राजभोज हे आणखी एक महाराष्ट्रीय होते. त्यांना ८३१ मिळालीं. निवडून येण्यास ४,१८,१६९ मतें हवीं होतीं, तीं कोणासच नव्हतीं. मग तळापासून एकेक उमेदवार वगळीत गेले आणि शेवटीं देशमुखांच्या मतपत्रिका उघडल्या. अखेरचे आकडे असे : गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. गिरी आवश्यक संख्येच्या वर अवघ्या १,९०८ मतांनीं होते.

ह्या आकड्यांशीं थोडें थांबण्यासारखें आहे. पहिल्या मोजणींत गिरी ८७,९६७ मतांनीं पुढें होते. शेवटीं ती आघाडी १४,६५० वर आली. देशमुख व इतर मिळून जीं १,२१,२७४ मतें होतीं त्यांतलीं ९१,८७९ रेड्डींकडे गेलीं, गिरींच्या वाट्याला १८,५६२ आलीं, आणि १०,८३३ मतांच्या मतपत्रिकांवर ह्या दोघांपैकीं कोणासच पसंती नव्हती. देशमुखांनीं मतें फोडलीं म्हणून रेड्डी पडले, असें आतां कोणीं म्हणावें? त्यांचे मतदार कोणीकडे गेले तें कागदावर लिहिलेलें आहे. पुढें ह्या निवडणुकीवर सर्वोच्च न्यायालयांत अर्ज झाले व खुद्द राष्ट्रपतींनीं साक्ष दिली. परंतु वाद होता तो प्रचारांतील गैरप्रकारांचा. १९७० सालीं ते अर्ज फेटाळले गेले.

आतां अमेरिकेकडे पाहा. तेथेंही निर्वाचकगण आहे, ५३८ जणांचा. परंतु मेन व नेब्रास्का हीं दोन राज्यें सोडल्यास, ज्याला राज्यांत एक मत अधिक त्याला त्या राज्याचे सगळे निर्वाचक, असा रिवाज आहे. त्यामुळें १९९२ सालीं रॉस पेरो यांना शेंकडा सुमारें १९ मतें पडूनही निर्वाचक एकही मिळाला नाहीं. उलट १९६८ सालीं जॉर्ज वॉलेस यांचें बळ दक्षिणेंतल्या थोड्या राज्यांत एकवटलेलें होतें, म्हणून कमी मतांवर त्यांना ४६ निर्वाचक लाभले. २००० सालीं फ्लॉरिडांत बुश ५३७ मतांनीं जिंकले आणि तेथेंच राल्फ नेडर यांना ९७,४८८ मतें होतीं. नेडर नसते तर काय झालें असतें, ह्यावर तिकडे अजून वितंडवाद चालतो. चालणारच, त्या ९७ हजारांना दुसरी पसंती कोणी विचारलीच नाहीं! वॉलेस यांच्या उमेदवारीनें घाबरून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहानें १९६९ च्याच सप्टेंबरांत निर्वाचकगण मोडून प्रत्यक्ष निवडणूक आणण्याचा ठराव मोठ्या बहुमतानें संमत केला होता. पुढल्या वर्षीं सिनेटांत चर्चा लांबवून तो अडविण्यांत आला.

ह्यावरून मला असें वाटतें कीं, निर्वाचकगण असावा कीं नसावा हा वाद तिसऱ्या उमेदवाराच्या दृष्टीनें दुय्यम आहे. मतें मोजतां कशीं, ह्यावर त्याचें जगणें अवलंबून आहे. आपली मोजणी चांगली आहे. मात्र मोजणीपर्यंत पोंचण्याचें दार आपण बंद करीत आणलें आहे.

१९६९ पर्यंत एक सूचक व एक अनुमोदक पुरत असे. त्यामुळें हौशे-गवशे पुष्कळ येत, हें खरें. १९६७ च्या सतरा उमेदवारांपैकीं नऊंना एकही मत पडलें नव्हतें. १९७४ सालीं कायदा झाला : दहा सूचक, दहा अनुमोदक, अडीच हजार रुपये अनामत. १९९७ पासून पन्नास सूचक, पन्नास अनुमोदक आणि पंधरा हजार रुपये. परिणाम असा कीं, १९९७ पासून २०२२ पर्यंतच्या सहाही निवडणुकींत उमेदवार दोनच. दुसरी पसंती मोजण्याचा प्रसंग १९६९ नंतर आला नाहीं, आणि दोनच उमेदवार असतां तो येणारही नाहीं.

२०२२ सालीं मतदार ४,८०९ होते. त्यांत शंभर सह्या म्हणजे कांहीं मोठी गोष्ट नव्हे, असें कोणी म्हणेल. परंतु सही उघड असते आणि मत गुप्त. राष्ट्रपतीच्या निवडणुकींत पक्षाला आदेश काढतां येत नाहीं. आपल्या राज्याची कन्या म्हणून २००७ सालीं शिवसेनेनें आपल्या आघाडीचा उमेदवार सोडून प्रतिभाताई पाटील यांना मतें दिलीं. पण ती सबंध पक्षाची मोकळीक होती. एकट्यादुकट्या आमदारानें पक्षाबाहेरच्या माणसाच्या अर्जावर सही करणें म्हणजे पुढल्या खेपेच्या तिकिटावर पाणी सोडणें. देशमुखांना आजच्या नियमानेंही शंभर नांवें मिळालीं असतीं, कारण दोन पक्ष त्यांच्या पाठीशीं होते. राजभोजांना तीं मिळालीं नसतीं.

हौशी उमेदवारांना आवर घालावयाचा तर १९७४ चा नियम पुरेसा होता, असें आकडेच सांगतात. त्या नियमाखालीं १९७४ ते १९९२ ह्या काळांत पांच निवडणुका झाल्या; १९७७ सालीं संजीव रेड्डी बिनविरोध आले, आणि सर्वांत अधिक उमेदवार १९९२ सालीं होते, ते चार. चार नांवांची मतपत्रिका मोजावयास कोणाला जड जात नाहीं. तेव्हां सह्या पुन्हां दहा व दहा कराव्या. अनामत हवी तर लाखाची करा. २०२२ सालीं निवडल्या गेलेल्या राष्ट्रपतींची मुदत २०२७ च्या जुलैंत पुरी होते. हा बदल करण्यास घटनेला हात लावावा लागत नाहीं. १९७४ चा व १९९७ चा असे दोन्ही बदल संसदेच्या साध्या कायद्यानेंच झाले होते.