लेंडीत सापडलेली बाभूळ

व्यासपीठावरचे मान्यवर, प्राध्यापक मंडळी, आणि मागं फेटे बांधून आपला नंबर कधी लागतो म्हणून घड्याळ बघणाऱ्या पोरांनो,

प्राचार्य सरांनी माझी ओळख ‘हरणांवर संशोधन करणाऱ्या मॅडम’ अशी करून दिली. खरं सांगते, माझं आयुष्य हरणांच्या मागं कमी आणि त्यांच्या लेंड्यांच्या मागं जास्त गेलं. हसा, हसा. माझ्या सासूबाईही आधी हसायच्या. मग एकदा फ्रीजमध्ये दह्याच्या पातेल्याशेजारी लेंड्यांची पिशवी सापडली आणि हसणं बंद झालं.

हरणाला ‘काय खाल्लंस?’ असं विचारता येत नाही. दुर्बिणीतून बघितलं तर मान खाली घातलेली दिसते, तोंडात मारवेल आहे की हरळी ते कळत नाही. म्हणून लेंडी. गवत पचलं तरी पानाच्या वरच्या सालीचे बारीक तुकडे शिल्लक राहतात आणि प्रत्येक वनस्पतीच्या पेशींची वीण निराळी असते. आधी माळावरची गवतं आणून त्यांच्या काचपट्ट्या बनवायच्या, मग लेंडी भिजवून, गाळून सूक्ष्मदर्शकाखाली ताडून बघायची. अमेरिकेत एल्क नावाचं थोराड हरीण आहे, आपल्या किनवटच्या जंगलातल्या सांबराचं लांबचं भाऊबंद. त्याचा आहारही असाच शोधत आले आहेत. तिथं यलोस्टोनमध्ये 1995 साली लांडगे परत आणून सोडले. त्यांच्या भीतीनं एल्कच्या चरण्याच्या सवयी किती बदलल्या, यावर शास्त्रज्ञांचं भांडण अजून मिटलेलं नाही. आपल्या माळावर लांडगाही आहे आणि काळवीटही आहे. भांडायला माणसं तेवढी कमी.

आमचं शेत अहमदपूरकडं. माझ्या वडिलांनी, आण्णांनी, कितीतरी वर्षं जागल केली. गोफण, पत्र्याचा डबा, खोकल्याचा आवाज. सोयाबीनचे शेंडे गेले की शिव्या हरणांना. एकदा मी सुट्टीत आले आणि सकाळी सरीत बसून एकेक दांडा बघितला. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ते शेंडा दाबून ओढतं, त्यामुळं दांड्याचं टोक चिंबतं, धागे लोंबतात. एका कोपऱ्यातले बरेच दांडे मात्र तिरपे, ब्लेडनं कापल्यासारखे. म्हटलं, “आण्णा, हे सशाचं काम आहे.” आण्णा म्हणाले, “बरं, आजपासून सशाला शिव्या देतो. जागल काय चुकती का?”

आण्णांचंही बरोबरच होतं. पण हरणांची बाजूही बघा. उन्हाळ्यात माळावरची कुसळी वाळून नुसती काडी होते, पोषण काहीच राहत नाही. जी गायरानं होती, त्यातली कितीतरी नांगराखाली गेली. हरणानं खायचं काय?

वेड्या बाभळीच्या शेंगा. गोड असतात, शेळ्याही खातात. गुजरातेत भावनगरजवळ वेळावदरला काळविटांचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या अभ्यासावरचा एक निबंध 2013 साली प्रसिद्ध झाला. माझ्या मते आपल्याकडच्या प्रत्येक प्राणिशास्त्राच्या वर्गात तो वाचून दाखवायला हवा. विणीच्या काळात काळवीट नर एका मैदानावर गर्दी करतात, जो तो आपला छोटासा तुकडा धरून बसतो आणि माद्या येऊन निवड करतात. स्वयंवरच म्हणा. नर तुकडा सोडून लांब जात नाही आणि एकाच ढिगावर पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो. त्या लेंड्यांत बाभळीचं बी. म्हणजे मोकळं मैदान बघून ज्यानं स्वयंवर मांडलं, तोच त्या मैदानात काटे पेरत असतो! तिथं बाभळीची रोपं इतर जागांपेक्षा जास्त उगवलेली आढळली. ही बाभूळ मूळची अमेरिका खंडातली. एल्क तिकडंच राहिला, झाड मात्र आपल्या काळविटाच्या पोटातून फिरतंय.

गेल्या उन्हाळ्यात लोह्याकडच्या एका माळावर अशाच ढिगात मला सात रोपं दिसली. एक उपटायला गेले तर बोटात काटा मोडला. थोड्या अंतरावर नर उभा होता, शेंगा चघळत, माझ्याकडं बघत.

तुमच्या शिवारात असा ढीग दिसला तर मूठभर लेंड्या मला पाठवा. कागदी पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते. वर तारीख आणि गावाचं नाव लिहा. फ्रीजमध्ये ठेवणार असाल तर आधी घरी विचारा.

चला, फेटेवाले, या आता.