मूठभर धान
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले भाषण)



पौष पौर्णिमेस छत्तीसगडात छेरछेरा साजरा होतो, हे आपणांस ठाऊक आहेच. नवे धान घरात आलेले असते आणि मुले झोळ्या घेऊन दारोदार धान मागत हिंडतात. त्या दिवशी मागण्यात कोणास कमीपणा वाटत नाही व दारी आलेल्यास कोणी विन्मुख पाठवीत नाही. देणारा आणि घेणारा यांच्यात उच्चनीचता नसावी, ही सेवेची पहिली अट या सणात किती सहजपणे पाळली जाते!

आपण मराठी माणसे या भूमीत आलो ती कोणी भोसल्यांच्या अमलात, कोणी रेल्वेच्या नोकरीत, कोणी शाळा-कचेऱ्यांतून. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगड मित्र’ काढले. त्यांचे सहकारी वामनराव लाखे यांनी रायपुरात सहकाराची चळवळ रुजविली. आज सप्रे शाळा आणि लाखेनगर ही नावे येथील प्रत्येकाच्या तोंडी आहेत. परमुलखात नाव राहते ते तेथील माणसांसाठी केलेल्या कामामुळे. परंतु नाव राहणे हे सेवेचे गौण फळ होय. मुख्य फळ कोणते, हे आपल्याच प्रदेशातील दोन मराठी माणसांच्या चरित्रांवरून मला आपणांपुढे मांडावयाचे आहे.

सदाशिव गोविंद कात्रे यांचा जन्म १९०९ साली मध्य प्रदेशातील गुना जिल्ह्यात झाला. झाशीस ते रेल्वेच्या नोकरीत होते. त्यांना कुष्ठरोग जडला आणि त्या काळी रोग्याच्या वाट्यास जी अवहेलना येई, ती त्यांच्याही वाट्यास आली. उपचारांसाठी ते बैतलपूरच्या मिशन रुग्णालयात राहिले. पुढे १९६२ साली चांपा येथे त्यांनी भारतीय कुष्ठ निवारक संघाची स्थापना केली. जवळ धन नव्हते, देहात रोगाच्या खुणा होत्या. गावोगाव हिंडून, लोकांच्या दारी उभे राहून, त्यांनी आपल्यासारख्याच रोग्यांसाठी धान्य मागितले.

या मागण्याचा आपण शांतपणे विचार करावा. ज्या समाजाने रोगी म्हणून दूर लोटले, त्याच समाजाच्या दारी जाऊन ‘तू देशील’ असा भरवसा बाळगावयाचा, याला किती श्रद्धा लागत असेल! आपण समजतो की आधी श्रद्धा दृढ व्हावी आणि मग सेवा घडावी. कात्र्यांच्या जीवनात मला याच्या उलट क्रम दिसतो. प्रत्येक दारी पडलेल्या मूठभर धान्याने त्यांची माणसांवरील श्रद्धा वाढत गेली असली पाहिजे.

दुसरे गृहस्थ दामोदर गणेश बापट. अमरावती जिल्ह्यातील पथ्रोट हे त्यांचे गाव, जन्म १९३५चा. जशपूरच्या वनवासी कल्याण आश्रमात शिकविण्यासाठी ते या प्रदेशात आले आणि १९७२ साली चांप्यास कात्र्यांजवळ गेले. १९७७ साली कात्रे निवर्तले. त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ बापटांनी ते कार्य वाहिले. रुग्णांनी रांधलेले अन्न ते रुग्णांच्याच पंगतीत बसून जेवीत. ज्याच्या हाताला कोणी हात लावीत नाही, त्याच्या हातचा घास घेणे हे औषधापेक्षा मोठे उपचार होते, असे मी म्हणेन.

कुष्ठरोग मज्जातंतूंवर आघात करतो. हातापायांची संवेदना जाते, चटका बसला तरी कळत नाही, आणि दुर्लक्षित जखमांतून व्यंग येते. १९८०च्या दशकापासून बहुविध औषधयोजनेने हा रोग पूर्ण बरा होऊ लागला. परंतु बरे झालेल्या माणसालाही घराचे दार उघडत नाही, ही अडचण कोणत्याही गोळीने सुटत नव्हती. अनेक व्यक्तिगत कायद्यांत कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानले जाई. ते कलम २०१९ साली रद्द झाले. म्हणून आश्रमात उपचारांबरोबर शेती, दोर वळणे, खडू बनविणे असे उद्योग उभे राहिले. कालपर्यंत भिक्षा मागणारा हात कमावता झाला. २०१८ साली बापटांना पद्मश्री मिळाली. १७ ऑगस्ट २०१९ रोजी ते गेले, तेव्हा त्यांचा देहही बिलासपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयास दान देण्यात आला.

आता आपल्याकडे वळू. कात्रे-बापट होणे सर्वांस शक्य नाही. तशी अपेक्षाही नाही. पण गेल्या ५० वर्षांत मंडळाने गणेशोत्सव, नाटके, हळदीकुंकू मोठ्या हौसेने केले, ते आपल्यापुरते. मुले पुण्याला, बंगळूरला, सातासमुद्रापार गेली. घरात दोनच माणसे उरली आणि संध्याकाळ जाता जात नाही, अशी खंत अनेक घरांतून ऐकू येते. दुसरीकडे, याच रायपुरात, ‘एम्स’मध्ये किंवा ‘मेकाहारा’त दूरच्या खेड्यांतून आलेले रुग्णांचे नातलग कागद हाती घेऊन कोणत्या खिडकीशी जावे म्हणून गोंधळून उभे असतात. आपण त्यांच्यासाठी पैसे देतो, हे चांगलेच आहे. तथापि पैशाने ऋण फिटल्याचे समाधान मिळते. आनंद हवा असेल तर आपला वेळ द्यावा लागतो. एखाद्या म्हातारीचा अर्ज भरून द्यावा, तिच्याशेजारी बाकावर तासभर बसावे, तिने पदरातून काढलेला मुर्रा तिच्याबरोबर खावा. त्या वेळी आपणही कोणाचे तरी आहोत, ही जाणीव होते, आणि रिकाम्या घराची खंत त्या जाणिवेपुढे फार काळ टिकत नाही.

माझी मंडळास नम्र सूचना आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी आठवड्यातील दोन तास रुग्णालयातील अशा सेवेसाठी नोंदवावेत. एकट्याने जाऊ नये, दोघांनी जावे. परतल्यावर अनुभव मंडळात येऊन सांगावा. कंटाळा येईल, कधी उपकाराची जाणीवही कोणी ठेवणार नाही. तरी पुढच्या आठवड्यास पुन्हा जावे. देवावरील असो वा माणसावरील, श्रद्धा अशा पुन्हा जाण्यातूनच मुरत जाते. आमच्या पिढीने हे आरंभिले, तर मंडळाच्या पुढील ५० वर्षांत येणारी मुले या भूमीला परमुलूख म्हणणार नाहीत.

 नोंदवही उद्यापासून कार्यालयात ठेवावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.